कोळंबी, सॅलिनिटी आणि जनुकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात व्हेनामी, म्हणजे तळ्यात वाढवायची पॅसिफिककडची कोळंबी, करणारे लोक, मत्स्य कॉलेजची मुलं आणि हल्ली तर नुसती खायची आवड असलेले लोकही सॅलिनिटीबद्दल, म्हणजे पाण्याच्या खारेपणाबद्दल, तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. जास्त करून व्हेनामीबद्दलच आहे, कारण आपल्याकडे तळ्यात तीच असते.

पावसाळ्यात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं तरी व्हेनामी जगते. म्हणजे ती जेनेटिकली बदलली ना?

नाही. सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. मे महिन्यात ३५ पीपीटीत (म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) असलेली कोळंबी आणि तीच कोळंबी जुलैत ५ पीपीटीत, तिचा डीएनए अक्षरन् अक्षर तोच असतो. बदलतं काय, तर त्या डीएनएतली कुठली जनुकं किती जोरात चालू आहेत ते. काही जनुकं वर जातात, काही खाली, आणि पाणी परत खारं झालं की पुन्हा उलटं. याला जनुकांची अभिव्यक्ती बदलणं म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द वापरायचा तर एक्स्प्रेशन. हा बदल त्या एका जनावरापुरता असतो, पुढच्या पिढीला तो वारशात मिळत नाही.

मग खरं जेनेटिक अ‍ॅडाप्टेशन कशाला म्हणायचं?

एखाद्या कळपात हजारो कोळंब्या आहेत आणि त्यांच्यात जन्मापासूनच थोडाथोडा फरक आहे, काहींच्या गिल्समधली, म्हणजे कल्ल्यांमधली, यंत्रणा कमी खाऱ्या पाण्यात जरा जास्त चांगली चालते, काहींची नाही. पाणी बदललं, कमजोर मेल्या, तगड्या उरल्या, त्यांनी अंडी घातली, पिल्लांमध्ये त्या तगड्या प्रकारच्या जनुकांचं प्रमाण वाढलं, पुन्हा निवड झाली, पुन्हा अंडी, असं पिढ्यान् पिढ्या चाललं तर ते अ‍ॅडाप्टेशन. एकट्या कोळंबीचं जे होतं ते अ‍ॅक्लिमेशन, म्हणजे जुळवून घेणं. यात तगड्यांनी जगणं ही अर्धीच गोष्ट झाली, त्यांनी अंडीही घातली पाहिजेत, आणि हे अंडी घालण्याचं बहुतेक लोक विसरतात.

माझं तळं वर्षानुवर्षं ८-१० पीपीटीवर चालतंय. आता कोळंबी तिथल्या पाण्याला सरावली असणार ना?

तुम्ही सरावलात, तुमच्या तळ्यातली माती आणि तिथले जिवाणू त्या पाण्याचे झाले, पण कोळंबी नाही, कारण तुमच्या तळ्यातल्या एकाही कोळंबीला पिल्लं होत नाहीत. सीड, म्हणजे हॅचरीत काढलेली पिल्लं, टाकलं, तीन-चार महिने वाढवलं, काउंट (किलोला किती कोळंब्या बसतात तो आकडा) बसला की हार्वेस्ट. कमी सॅलिनिटीत झकास वाढलेली ती सगळ्यात तगडी कोळंबी बर्फात जाते, तिथून प्रोसेसिंगला, तिथून कुणाच्या तरी ताटात. तिची जनुकं तिथेच संपली. पुढच्या वेळेस तुम्ही परत हॅचरीचंच सीड आणता, आणि त्या सीडच्या आईबापांनी तुमची खाडी कधी बघितलेलीसुद्धा नसते.

भारतात व्हेनामीचे ब्रूडर, म्हणजे पैदाशीचे नर-मादी, मुख्यतः बाहेरून येतात. २००३ मध्ये आपल्याकडे प्रायोगिक पातळीवर व्हेनामी आली, २००९ मध्ये कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीने नियम घालून परवानगी दिली, तेव्हापासून परदेशातल्या ब्रीडिंग सेंटरमधून एसपीएफ, म्हणजे ठरावीक रोगांपासून मुक्त असे ब्रूडर आणायचे, चेन्नईच्या क्वारंटाइन केंद्रात तपासायचे आणि मग हॅचरीला द्यायचे अशी पद्धत आहे. म्हणजे जेनेटिक बदल व्हायचाच असेल तर तो त्या ब्रीडिंग सेंटरमध्ये होणार, पालघर-रायगडच्या तळ्यात नाही. तळं हे जनुकांसाठी शेवटचं स्टेशन आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

पण मग व्हेनामीला इतकी रेंज आली कुठून? काही लोक १ पीपीटीतही करतात, काही ४० मध्ये.

ही तिच्या पूर्वजांची कमाई. व्हेनामी मूळची पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची, मेक्सिकोच्या सोनोरापासून खाली पेरूच्या टुंबेसपर्यंत. तिथे मादी बाहेर खोल समुद्रात अंडी घालते, साधारण ३५ पीपीटीला, पिल्लं नॉप्लियस, झोइया, मायसिस अशा अवस्था समुद्रातच काढतात, मग पोस्ट लार्व्हा झाली की खाड्यांमध्ये आणि खारफुटीत आत येतात, तिथे वाढतात, आणि मोठी झाली की परत समुद्रात. खाडीत भरती-ओहोटीला पाणी बदलतं, पावसाळ्यात गोडं होतं, उन्हाळ्यात खाजणात आटून समुद्रापेक्षा खारं होतं. लाखो वर्षं ज्यांना हे झेपलं नाही त्या गेल्या. त्यामुळे आज जी जनुकं तिच्याकडे आहेत ती मुळातच बदलत्या पाण्यासाठी घडलेली आहेत. म्हणजे पाण्याप्रमाणे स्वतःला बदलायची ही ताकद हेच तिचं जुनं जेनेटिक अ‍ॅडाप्टेशन, आपण ते फक्त वापरतो.

सॅलिनिटी कमी झाली की अंगात नेमकं काय होतं? सोपं करून सांगा.

व्हेनामीच्या रक्ताची, त्याला हिमोलिम्फ म्हणतात, क्षारांची पातळी साधारण २५ पीपीटीच्या पाण्याशी जुळते. त्या पाण्यात तिला क्षारांसाठी वेगळी मेहनत फारशी पडत नाही. पाणी त्याहून खारं झालं तर अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि मीठ आत घुसतं, तेव्हा तिला मीठ बाहेर फेकावं लागतं. पाणी २५ च्या खाली गेलं की उलटं, बाहेरचं पाणी अंगात शिरतं आणि मीठ बाहेर निसटतं, तेव्हा मीठ ओढून ओढून आत घ्यावं लागतं.

हे काम मुख्य करून गिल्सवर होतं. गिल्सच्या पेशींत सोडियम-पोटॅशियम एटीपीएज नावाचं एक प्रोटीन असतं, ते एका फेरीत ३ सोडियम एका बाजूला ढकलतं आणि २ पोटॅशियम आत घेतं, आणि प्रत्येक फेरीला एक एटीपी म्हणजे ऊर्जा जाळतं. विहिरीवर मोटर लावल्यावर पाणी चढतं पण बिलही चढतं ना, तसंच हे. म्हणून ३ पीपीटीत कोळंबी जगते, पण खाल्लेल्या खाद्यातला एक हिस्सा या पंपिंगमध्ये जातो आणि तेवढी वाढ कमी होते.

दुसरा उपाय पेशींच्या आतला. पेशीत ग्लायसिन, प्रोलीन, अ‍ॅलॅनिन अशी मोकळी अमिनो आम्लं साठवलेली असतात. बाहेर खारं असेल तर ती वाढवायची, म्हणजे पेशी आकसत नाही, बाहेर गोडं झालं तर कमी करायची, म्हणजे पेशी फुगून फुटत नाही. ही मोडलेली अमिनो आम्लं जळतात तेव्हा अमोनिया तयार होतो, आणि कमी सॅलिनिटीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही जास्त बाधतात. नायट्राइटचं कारण असं की खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड गिल्सच्या दारात नायट्राइटला अडवतं, क्लोराइड कमी झालं की अडवणारं कोणी उरत नाही. त्यामुळे १५ पीपीटीला जो अमोनिया चालून गेला तोच ३ पीपीटीला घात करू शकतो, मीटरवर आकडा तोच असला तरी.

यात कुठकुठली जनुकं भाग घेतात?

एक जनुक म्हणजे एक गुण असं इथे नसतं, शेकडो जनुकं एकदम हलतात. नाव घेण्यासारखी म्हणजे वर सांगितलेल्या सोडियम-पोटॅशियम एटीपीएजचं जनुक, विशेषतः त्याच्या अल्फा भागाचं, मग व्ही-टाइप एटीपीएज जे प्रोटॉन ढकलतं आणि त्याच्या जोरावर अगदी पातळ पाण्यातूनही सोडियम आत घेता येतं, मग कार्बॉनिक अनहायड्रेज जे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बायकार्बोनेट आणि प्रोटॉन बनवून देतं म्हणजे अदलाबदलीला माल तयार राहतो. याशिवाय सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र वाहून नेणारं एक प्रोटीन आहे. वरून हुकूम देणारे हॉर्मोन डोळ्याच्या देठातून येतात, तिथल्या सायनस ग्रंथीतून सुटणारं हायपरग्लायसेमिक हॉर्मोन रक्तातली साखर तर वाढवतंच, पण क्षार सांभाळण्यातही त्याचा हात असतो.

आणि अमिनो आम्लं बनवणारी-मोडणारी, चरबी वापरणारी, प्रतिकारशक्तीची जनुकंही हलतात. अभ्यासांत हे परत परत दिसतं की सॅलिनिटी एकदम पडली की प्रतिकारशक्ती काही काळ ढासळते, व्हाइट स्पॉट हा कोळंबीचा रोग पावसाच्या पहिल्या झोडीनंतर का उसळतो त्याचं एक कारण हे.

बोअरचं पाणी ५ पीपीटी, खाडीचंही ५ पीपीटी. खाडीत जगते आणि बोअरच्या पाण्यात मरते, का? सीड खराब?

बहुतेक वेळा सीडचा दोष नसतो, पोटॅशियमचा असतो. खाडीचं ५ पीपीटी म्हणजे समुद्राचंच पाणी पावसाने पातळ केलेलं, क्षारांचं एकमेकांशी प्रमाण बऱ्यापैकी समुद्रासारखंच राहतं. जमिनीखालचं खारं पाणी वेगळं, त्यात सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम भरपूर असतं पण पोटॅशियम मातीने धरून ठेवलेलं असतं. आता वरचा पंप आठवा, ३ सोडियम इकडे तर २ पोटॅशियम तिकडे, पोटॅशियमच नाही तर पंप फिरणार कसा? जनुक कितीही जोरात चालू होऊ दे, प्रोटीन कितीही बनू दे, कच्चा मालच नाही. अशा तळ्यात कोळंबी सुस्त होते, अंग आखडतं, कात टाकताना मरते.

समुद्रात सोडियम आणि पोटॅशियमचं प्रमाण साधारण २८ ला १ असतं आणि मॅग्नेशियम-कॅल्शियम ३ ला १ च्या थोडं वर. अंदाज काढायला सोपी रीत अशी: जितके पीपीटी असतील त्याला १०.७ ने गुणा, म्हणजे समुद्राच्या हिशेबाने लिटरमागे किती मिलिग्रॅम पोटॅशियम हवं ते कळतं, मॅग्नेशियमसाठी ३९.१ ने आणि कॅल्शियमसाठी ११.६ ने गुणा. ५ पीपीटीला म्हणजे पोटॅशियम ५३-५४, मॅग्नेशियम १९५ च्या आसपास, कॅल्शियम ५८.

समजा लॅबच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम खूपच कमी आलं आणि लिटरला ५० मिलिग्रॅम वाढवायचंय. एक एकर तळं, एक मीटर पाणी म्हणजे ढोबळ ४,००० घनमीटर, त्याला २०० किलो पोटॅशियम लागलं, आणि म्युरेट ऑफ पोटॅश, जे आपण शेतीला घालतो तेच, त्यात निम्मं पोटॅशियम असतं, म्हणजे ४०० किलो. थोडं तळाची चिकणमाती खाऊन टाकते म्हणून एकदा घालून गप्प बसायचं नाही, मधून मधून टेस्ट करायची. अमेरिकेत अलाबामामध्ये समुद्रापासून दूर, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर याच रीतीने व्हेनामी करतात, आणि आपल्याकडे हरियाणा-पंजाबच्या खारवट जमिनींवर जे व्हेनामी सुरू झालं त्याचा पायाही हाच, आपल्या वर्सोव्याच्या सीआयएफई या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने त्यावर बरंच काम केलंय. एक लक्षात ठेवा, रिफ्रॅक्टोमीटर फक्त एकूण खारेपणा दाखवतो, त्यात पोटॅशियम किती हे त्याला कळत नाही. बोअरच्या पाण्याची आयन टेस्ट, म्हणजे कुठला क्षार किती याची तपासणी, केल्याशिवाय सीड बुक करू नका, प्लीज.

व्हेनामीचा जीनोम वाचलाय म्हणतात. त्यातून आपल्याला काय मिळालं?

२०१९ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. साधारण १.६६ अब्ज अक्षरं आणि २५ हजारांच्या वर प्रोटीन बनवणारी जनुकं, म्हणजे माणसापेक्षा जनुकं जास्तच. पण त्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट वेगळीच आहे. त्या जीनोमचा जवळजवळ २४ टक्के भाग हा छोट्या छोट्या अक्षरगटांची पुन्हा पुन्हा पुनरावृत्ती आहे, एकच दोन-तीन अक्षरं परत परत परत. तोपर्यंत वाचलेल्या प्राण्यांमध्ये इतकं प्रमाण कुणाचंच नव्हतं. त्यामुळे हा जीनोम जुळवायला भयंकर त्रास झाला, कारण सगळे तुकडे एकसारखे दिसतात.

या पुनरावृत्तीची लांबी पिढ्यांमध्ये सहज कमी-जास्त होते, आणि ती जनुकाच्या आत किंवा शेजारी असली तर ते जनुक किती चालणार यावर फरक पडू शकतो. २०२१ मध्ये चिनी संशोधकांनीच मांडलं की पिनिड, म्हणजे व्हेनामीच्या कुळातल्या, कोळंब्यांच्या जीनोममधली ही लवचिकता त्यांच्या अ‍ॅडाप्टेशनला मदत करत आलीय. मला यात खरोखर रस वाटतो, कारण एवढ्या वेगवेगळ्या पाण्यांत राहणाऱ्या जनावराकडे एवढा हलता जीनोम असणं हा नुसता योगायोग वाटत नाही. पण तुमच्या या सीझनच्या कल्चरला, म्हणजे कोळंबीपालनाला, याचा थेट उपयोग शून्य, हेही तितकंच खरं. उपयोग ब्रीडिंगवाल्यांना, जनुकांच्या खुणा म्हणजे मार्कर शोधायला.

कमी सॅलिनिटीसाठी खास जात तयार करता येईल का?

येईल, पण वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, आणि वाटतं तेवढं सरळ नाही.

पहिली गोष्ट, गुण किती वारशाने जातो. कोळंब्या-कोळंब्यांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती जनुकांमुळे आणि किती पाणी-खाद्य-नशिबामुळे, याला वारसक्षमता म्हणतात, ० ते १ मध्ये मोजतात. वजनवाढीची वारसक्षमता कोळंबीत मध्यम असते, म्हणून वाढीवर निवड करून ब्रीडिंग कंपन्यांना भरपूर फायदा झाला. सॅलिनिटी सहन करण्याची मात्र अभ्यासांत कमी ते मध्यम येते. हिशेब बघा: समजा वारसक्षमता ०.२ आहे आणि तुम्ही असे आईबाप निवडले जे सरासरीपेक्षा १० टक्क्यांनी सरस आहेत, तर पुढच्या पिढीत फायदा मिळणार ०.२ गुणिले १०, म्हणजे २ टक्के. व्हेनामीची एक पिढी म्हणजे जवळपास एक वर्ष. म्हणजे डोळ्यात भरणारा फरक पडायला बरीच वर्षं.

दुसरी, मोजायचं कसं. वजन तराजूवर कळतं. सॅलिनिटीची सहनशक्ती बघायला पिल्लांना ताणात टाकावं लागतं, कोण मेलं कोण जगलं बघावं लागतं, आणि जे मेलं त्यापासून ब्रीडिंग होत नाही, जे ताणातून वाचलं ते ब्रूडर म्हणून ठेवणं जोखमीचं. म्हणून एका कुटुंबातली काही भावंडं टेस्टला टाकतात आणि त्यांचा निकाल बघून घरी सुरक्षित ठेवलेल्या भावंडांना निवडतात. जीनोमिक सिलेक्शन आल्यापासून हे जरा सोपं झालंय, डीएनएवरच्या हजारो खुणा वाचून एकाच कुटुंबातल्या दोन भावंडांमधला फरकही पकडता येतो.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, निवड ज्या पाण्यात केली त्याच पाण्यात ती सगळ्यात जास्त लागू पडते. समुद्राच्या स्वच्छ ३५ पीपीटी पाण्यावरच्या सेंटरमध्ये पहिली आलेली कुटुंबं तुमच्या ४ पीपीटीच्या तळ्यातही पहिलीच येतील याची खात्री नाही, क्रम बदलू शकतो. म्हणून ज्या सेंटरला कमी सॅलिनिटीचं सीड द्यायचंय त्याने आपल्या कुटुंबांची भावंडं कमी सॅलिनिटीच्या तळ्यांत टाकून बघितलीच पाहिजेत. एवढा साधा प्रश्न आपले शेतकरी हॅचरीला विचारत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण पैसे तर पूर्ण मोजतात.

कुठल्या तरी प्राण्यात पिढ्यांमध्ये सॅलिनिटीचं अ‍ॅडाप्टेशन खरंच घडताना दिसलंय का?

हो, आणि तेही कोळंबीच्या लांबच्या नात्यात. युरीटेमोरा नावाचा एक कोपेपॉड, म्हणजे पाण्यातला चिमुकला कवचधारी जीव, आहे, जेमतेम मिलिमीटरभर, मूळचा खाड्यांमधला. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स सीवे खुला झाला, जहाजं समुद्रातून थेट अमेरिकेच्या ग्रेट लेक्सपर्यंत जायला लागली आणि हा त्यांच्याबरोबर गोड्या पाण्यात पोचला आणि तिथे टिकला. कॅरल युनमी ली या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या टीमने वर्षानुवर्षं यावर काम केलंय, गोड्या पाण्यातल्या वंशांमध्ये व्ही-टाइप एटीपीएजची ताकद वाढलेली त्यांना दिसली. पुढे बाल्टिक समुद्रातल्या याच गटातल्या कोपेपॉडना लॅबमध्ये कमी कमी सॅलिनिटीत १० पिढ्या वाढवलं, तर वेगवेगळ्या टाक्यांत जीनोमच्या त्याच त्याच जागा बदलल्या, आणि त्यात क्षार वाहणारी जनुकं ठळक होती. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

इथे १० पिढ्यांत झालं कारण प्रत्येक पिढीत वाचलेल्यांनीच अंडी घातली. आपल्या तळ्यात हीच पायरी गायब आहे.

मग मी माझ्याच तळ्यातली मोठी, तगडी कोळंबी ब्रूडर म्हणून ठेवली तर? तिला तर माझं पाणी सोसलंय.

कल्पना सुचणं साहजिक आहे, पण करू नका. एक तर तळ्यातल्या ब्रूडरपासून सीड काढायला आपल्याकडे परवानगीच नाही. दुसरं, तळ्यातली कोळंबी व्हाइट स्पॉट, ईएचपी असे रोग घेऊन बसलेली असू शकते, बाहेरून ठणठणीत दिसत असली तरी, आणि तो रोग सगळ्या सीडमध्ये उतरतो. तिसरं, एक व्हेनामी मादी एका वेळेला लाखाच्या वर अंडी देते, म्हणजे तुमच्या तळ्यातलं सगळं सीड थोड्याच आईबापांचं असण्याची शक्यता मोठी, ती सगळी सख्खी-चुलत भावंडं, त्यांच्यात प्रजनन म्हणजे इनब्रीडिंग, आणि त्याचे परिणाम ताणाच्या वेळेलाच जास्त उघडे पडतात. बऱ्याच ब्रीडिंग कंपन्या तर विकायचे ब्रूडर मुद्दाम असे जुळवतात की कुणी त्यांची नक्कल करून पुढची पिढी काढली तर इनब्रीडिंग वाढावं. आणि एक सीझन जगली म्हणून ती जनुकांनी सरस आहे असंही नाही, कदाचित तिला फक्त चांगला कोपरा आणि जास्त खाद्य मिळालं असेल.

जीन एडिटिंग करून कमी सॅलिनिटीची कोळंबी?

लॅबमध्ये एका वेगळ्या जातीच्या कोळंबीवर क्रिस्पर हे डीएनए कापायचं तंत्र वापरून झालंय, तळ्यात घालायला असं काही सीड आपल्याकडे मिळत नाही. कुणी 'जेनेटिकली मॉडिफाइड लो सॅलिनिटी सीड' म्हणून जास्त भाव लावत असेल तर घेऊ नका.

सीड उतरवताना जनुकांना वेळ द्या म्हणतात, म्हणजे नक्की काय?

जनुक चालू झालं की लगेच काम होत नाही. आधी संदेश निघतो, मग प्रोटीन बनतं, मग ते पेशीच्या पडद्यात जाऊन बसतं, मग पंप वाढतात. याला काही तास ते काही दिवस लागतात. तुम्ही २० पीपीटीचं पॅकिंग थेट ३ पीपीटीत ओतलंत तर पाणी आत शिरायला मिनिटं पुरतात आणि पंप यायला दिवस, मधल्या वेळात पिल्लू मरतं.

आंध्र-तमिळनाडूहून बॉक्स येतात ते बहुतेक रात्री किंवा पहाटे, ड्रायव्हर घाईत, मजूर घाईत. तरी आधी बॅगेतल्या पाण्याची सॅलिनिटी, तापमान आणि पीएच मोजा, मगच पुढचं. बॅगा न उघडता तळ्यात तरंगत ठेवा, तापमान जुळू दे. मग टाकीत घेऊन, एअर लावून, तळ्याचं पाणी थोडं थोडं सोडा. वरच्या टप्प्यात ताशी २-३ पीपीटी चालतं, १० च्या खाली आलात की ताशी १ च्या वर नको, आणि अगदी २-३ पीपीटीला उतरायचं असेल तर हॅचरीलाच आधी काही दिवसांत कमी करून पाठवायला सांगा. टाकीतून पांढऱ्या मगमध्ये थोडी पिल्लं काढून बघत राहा: कडेला चिकटतायत, पाणी गोल फिरवलं तर प्रवाहाविरुद्ध पोहतायत, अंग पारदर्शक आहे आणि आतड्याची काळी रेघ भरलेली दिसतेय, तर ठीक. अंग दुधाळ पांढरं व्हायला लागलं, तळाशी पडायला लागली तर पाणी सोडणं तिथेच थांबवा, भले सकाळचे दहा वाजू दे.

वयही बघा. गिल्स पुरत्या तयार झाल्याशिवाय पिल्लाला हे जमतच नाही, म्हणून पीएल १० च्या, म्हणजे पोस्ट लार्व्हा होऊन दहा दिवस व्हायच्या, आधीचं सीड कमी सॅलिनिटीला नको, पीएल १२-१५ बरं.

ऐन कल्चरमध्ये धो धो पाऊस झाला तर?

गोडं पाणी हलकं असतं, वर तरंगतं. एअरेटर चालू करायच्या आधी तळ्याच्या दारातल्या वरच्या फळ्या काढून ते वरचं पाणी जाऊ द्या, मग एअरेटर. बांधावरून खाजणाची आम्लट माती धुऊन आत येते म्हणून पावसाआधीच बांधावर चुना मारून ठेवा. खाद्य कमी करा. पावसानंतर पुष्कळ कोळंबी एकदम कात टाकते, त्या रात्री ऑक्सिजन आणि खनिजं दोन्हीची मागणी वाढते, चेक ट्रेमध्ये (खाद्य संपलं का ते बघायच्या ताटात) काती दिसल्या की जागे राहा.

टायगर आणि इंडिकसचं काय? त्या तर आपल्या देशी.

टायगरही बऱ्याच मोठ्या रेंजमध्ये जगते. इंडिकस, म्हणजे आपली भारतीय पांढरी कोळंबी, गोव्याच्या खाजणांत मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीच्या पाण्याबरोबर पिढ्यान् पिढ्या आत येतेय. चेन्नईच्या सीआयबीए या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने इंडिकसवर मोठं काम केलंय आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्या जेनेटिक सुधारणेचा कार्यक्रमही सुरू केला. मला यात खरी आशा दिसते ती एकाच कारणाने, ब्रीडिंग आपल्या देशात झालं तर निवड आपल्या पाण्यांत करता येईल, ४ पीपीटीच्या पावसाळी खाडीतही आणि ४० पीपीटीच्या उन्हाळी खाजणातही. परदेशातून आलेल्या ब्रूडरच्या बाबतीत हे आपल्या हातात नाही.

कमी सॅलिनिटीची कोळंबी चवीला सपक लागते, हे खरं का?

खरं आहे. वर सांगितलेली ग्लायसिन, अ‍ॅलॅनिन ही अमिनो आम्लंच कोळंबीचा गोडवा असतो. पाणी जितकं खारं तितकी ती जास्त साठतात, पाणी गोडं झालं की कोळंबी ती सोडून देते. म्हणून समुद्रातली कोळंबी नुसती मीठ-हळद लावून तव्यावर टाकली तरी गोड लागते आणि २ पीपीटीतली तेवढी नाही. हार्वेस्टच्या आधी थोडे दिवस सॅलिनिटी वाढवता आली तर हा फरक बराच भरून निघतो, जिथे खाडीचं खारं पाणी हाताशी आहे तिथे हे करून बघण्यासारखं आहे.

सीड बुक करताना हॅचरीला काय विचारू?

ब्रूडर कुठल्या सेंटरचे आणि कुठल्या लाइनचे, म्हणजे निवडून काढलेल्या कुठल्या वंशाचे, वाढीच्या का सहनशक्तीच्या. त्या लाइनची कमी सॅलिनिटीत ट्रायल झालीय का, झाली असेल तर किती पीपीटीला. आता टाकीत किती पीपीटी आहे आणि माझ्या पाण्यापर्यंत किती दिवसांत उतरवून देणार. पीएल कितवं. पीसीआर रिपोर्ट, म्हणजे रोगांच्या तपासणीचा. आणि स्ट्रेस टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा: मोजून शंभर-दोनशे पिल्लं काढायची, अर्धा तास गोड्या पाण्यात, परत अर्धा तास मूळ पाण्यात, आणि जिवंत मोजायची, प्रत्येक हॅचरीची पद्धत थोडी वेगळी असते पण जिवंत ९५ टक्क्यांच्या खाली येत असतील तर दुसरी टाकी दाखवा म्हणा. तुमच्या पाण्याचा आयन रिपोर्ट त्यांना आधीच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा, चांगली हॅचरी तो बघून स्वतःच फोन करते.